नाव कुणाचं, माल कुणाचा

सोलापुरात पेपर विकत घेणारा आणि पेपर वाचणारा ही सहसा दोन वेगळी माणसं असतात. विकत घेणारा म्हणजे चहाची टपरीवाला, नाहीतर सलूनवाला, नाहीतर गल्लीतले एखादे निवृत्त गुरुजी. वाचणारी मात्र अख्खी गल्ली. अशोक चौकाकडच्या टपऱ्यांवर सकाळी पेपर येतो आणि पहिला चहा उकळेपर्यंत त्याची पानं सुटी झालेली असतात. खेळाचं पान एका बाकावर, निधनवार्ता दुसऱ्या बाकावर. महापालिकेच्या पाणीपुरवठ्याची बातमी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवतो, कारण ती सगळ्यांच्याच घरची असते. पाणी उद्या येणार की परवा, एवढंच त्यातून हवं असतं.

केगावला विद्यापीठात पत्रकारिता शिकायला लागल्यावर कळलं की या टपरीलाही हिशोबात जागा आहे. ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था १९४८ पासून विकल्या गेलेल्या प्रती मोजते. वाचक पाहणी मात्र प्रतीऐवजी माणसं मोजते, म्हणून तिच्यात एका प्रतीमागे अनेक वाचक धरतात. आमच्या टपरीवर हा आकडा किती निघेल याचा मी एकदा अंदाज करायला बसले आणि सोडून दिला. ऐकणाऱ्याला वाचक धरायचं का, हेच ठरेना. देशभरातली मोठी वाचक पाहणी २०१९ च्या अखेरच्या तिमाहीची झाली, त्यानंतर करोना आला. म्हणजे गेली कित्येक वर्षं जाहिरातवाले जुन्याच आकड्यांवर किंवा आपापल्या अंदाजावर व्यवहार करताहेत.

करोनाच्या टाळेबंदीत पेपरचे गठ्ठे यायचे बंद झाले आणि सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पेपरची पीडीएफ यायला लागली. उठायच्या आधी पेपर हजर, तोही एक नाही, पाच-सहा. ग्रुपवर ती टाकणारा माणूस कोण, ती कुठून आणतो, हे कुणी विचारलं नाही. वर्तमानपत्रवाल्यांनी ओरड केली, कारवाईचे इशारे दिले. ‘दैनिक जागरण’चे मालक टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मे २०२० मध्ये न्यायालयानं ई-पेपर फुकट वाटणारे चॅनेल बंद करायला सांगितलं.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात टपरीच आली. तिथंही पंचवीस माणसं एकाच्या पैशावर वाचतात, मग त्यांना कुणी चोर का म्हणत नाही? कायद्याचं उत्तर सरळ आहे. टपरीवर प्रत एकच असते. ती फिरते, चुरगळते, संध्याकाळी भज्यांखाली जाते. पीडीएफ पुढं पाठवली की दर वेळी नवी प्रत जन्माला येते, आणि प्रत काढण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं मालकाकडं ठेवला आहे. उत्तर बरोबर आहे, पण मला ते पुरत नाही. पेपरची किंमत पाच-सहा रुपये. तेवढ्यात कागदाचा खर्चही धड निघत नाही, घर चालतं ते जाहिरातींवर. पीडीएफमध्येही जाहिराती जशाच्या तशा असतात, चादरींचा सेलही आणि क्लासेसची पानभर छायाचित्रंही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून त्या जातातच. फरक एवढाच की हा वाचक कुठल्या आकड्यात धरला जात नाही. माझा संशय असा की मालकाला बातमी फुकट वाचल्याचं जेवढं दुःख आहे, त्याहून वाचक मोजता न आल्याचं जास्त आहे.

हा संशय काही माझ्या डोक्यातून उगवलेला नाही. डॅलस स्माइद नावाच्या कॅनडाच्या अभ्यासकानं १९७७ मध्ये लिहून ठेवलं आहे की माध्यमं बातम्या किंवा मालिका विकत नाहीत, ती प्रेक्षक विकतात, आणि गिऱ्हाईक असतो जाहिरातदार. वर्गात हे शिकवलं तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘म्हणजे मी रोज रात्री फुकटात विकला जायलोय की बे!’ सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत, म्हणाल्या, ‘फुकटात नाही. वर महिन्याचं रिचार्ज तूच भरतोयस.’

प्रबंधासाठी मी विषय घेतला तो विडी कामगार बायकांच्या टीव्ही पाहण्याचा. त्यासाठी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जायला लागले. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली ही दहा हजार घरांची वसाहत. दुपारी कुठल्याही घरात डोकवा, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि समोर टीव्ही चालू. सुरुवातीला मी प्रश्न विचारायचे, ‘तुम्ही काय पाहता?’ उत्तरं यायची, पण तुटक. मग लक्षात आलं, या बायका टीव्ही पाहतच नाहीत. डोळे आणि बोटं विडीवर असतात. हजार विड्या पुऱ्या करायच्या, त्यातल्या कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढतील त्या वेगळ्याच, मग मान वर करायला कुणाला वेळ आहे? त्या टीव्ही ऐकतात. पाठीमागचं संगीत वाढलं की मगच मान वर होते, कारण तेव्हा काहीतरी घडणार हे त्यांना ठाऊक असतं. संगीतकारानं हा विचार केला असेल का, कोण जाणे, पण त्याच्या कामावर इतका विसंबून असलेला प्रेक्षक त्याला मुंबईत भेटणार नाही.

टीव्ही मोजणारी ‘बार्क’ देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत यंत्र लावते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, त्यावरून यंत्राला कुठली वाहिनी चालू आहे ते समजतं. समोर कोण बसलंय हे मात्र घरातल्यांनी आपापलं बटण दाबून सांगायचं. विडी वळणारी बाई तंबाखूच्या हातानं बटण दाबणार? आणि दाबलं तरी ती ‘पाहतेय’ अशीच नोंद होणार.

त्यात भाषांचा गुंता. एकाच ओळीत तेलुगू घर, कन्नड घर, दख्खनी बोलणारं घर आणि मराठी घर. मालिका मराठी, तिच्यावरची टीका चार भाषांत. बर्मिंगहॅमचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये एका निबंधात मांडलं की पाठवणाऱ्यानं जो अर्थ भरला तोच प्रेक्षक काढतो असं नाही. कुणी तो निमूट घेतो, कुणी घासाघीस करतो, कुणी पार उलटा करतो. बर्मिंगहॅमच्या त्या निबंधाचा अर्थ मला कुंभारीत लागला. मालिकेतली श्रीमंत सून हिऱ्याचा हार गेला म्हणून रडत होती. एक मावशी विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, ‘हिला आठ दिवस सूप द्या मांडीवर, हार कुठं ठेवलाय ते आठवंल.’ यात निमूट घेणं नाही आणि घासाघीसही नाही. परीक्षेत मी हेच उदाहरण लिहिलं.

कॉपीराइटचा पेपर दुसऱ्या सत्रात होता. त्याचं पुस्तक आम्ही वाचलं ते अर्थातच झेरॉक्सवर. ‘कॉपीराइटच्या पुस्तकाची झेरॉक्स’ हा विनोद प्रत्येक बॅच आपणच शोधला असं समजून करते. पण विनोदापलीकडं तिथं खरा खटला आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी नावाच्या दुकानावर दावा लावला, कारण दुकान वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून अभ्यासाचे संच विकत होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयानं दावा फेटाळला. शिकवण्यासाठी प्रत काढायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, आणि कॉपीराइट हा काही देवानं दिलेला हक्क नव्हे, असा निकालाचा रोख होता. डिसेंबरमध्ये खंडपीठानं काही मुद्दे परत तपासायला पाठवले, पण पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागं घेतला.

हा निकाल मला आवडतो आणि थोडा छळतोही. दूरच्या बड्या प्रकाशकाच्या हजारो रुपयांच्या पुस्तकातली तीस पानं झेरॉक्स करताना माझा हात थरथरत नाही. पण आमच्याच शहरातला एखादा कवी पदरचे पैसे घालून पाचशे प्रती काढतो, त्यातल्या निम्म्या भेट देतो आणि उरलेल्या पलंगाखाली ठेवतो. त्याच्या संग्रहाची झेरॉक्स काढायची तर सूट तीच लागू होईल, आणि तरी ती मला काढवणार नाही. कायदा दोघांना एकाच मापानं मोजतो. वाचकानं तसं मोजायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

लग्नांचं मात्र कायद्यानं छान केलंय. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवली तर तो भंग होत नाही, अशी सूट कलम ५२ मध्येच आहे आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तसं खुलासेवार सांगितलंही. एवढं असून त्याच वरातीचा व्हिडिओ भावानं टाकला की आवाज गायब. वरात भर रस्त्यात कायदेशीर आणि मोबाइलमध्ये मुकी. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटोग्राफर नसून पैसे देणारा असतो. हे मी आमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या अल्बमवरून भांडण चाललं असताना सांगितलं. दोन्ही बाजू माझ्यावरच चिडल्या.

आता पप्पांकडं येते, कारण या विषयात मी शिरले ती खरं तर त्यांच्यामुळं. पप्पा चादरींची डिझाइनं काढतात. पगारी नाहीत, पूर्व भागातल्या दोन-तीन कारखान्यांसाठी डिझाइनमागं पैसे घेऊन काम करतात. पूर्वी सगळं ग्राफ पेपरवर चालायचं. एकेक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एकेक गाठभेट, कुठला धागा वर राहणार नि कुठला खाली हे रंगानं भरायचं. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडायची, म्हणजे पंचिंग. त्या पट्ट्या ओवून जेकार्डवर चढवल्या की भोकं वाचून यंत्र नक्षी विणतं. फ्रान्समधल्या जाकारनं हे यंत्र १८०४ च्या सुमारास बसवलं आणि पुढं संगणकवाल्यांनी भोकांची युक्ती तिथूनच उचलली. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अक्षरांत लिहिलेली ती फाइल. माझ्या लहानपणी अशा पट्ट्यांच्या माळा माळ्यावर पडलेल्या असायच्या. आता पप्पाही संगणकावर काम करतात, पण अवघड जागा आधी कागदावर भरून बघतात.

एखादं डिझाइन बाजारात चाललं की थोड्याच दिवसांत ते शेजारच्या कारखान्यात दिसतं. वेल तोच, कडेची चौकट तीच, फार तर हत्तीची सोंड उजवीकडची डावीकडं. मी चिडायचे. पप्पा म्हणायचे, ‘चाललं म्हणून उचललं. न चालणारं कोण उचलतंय?’ त्यांचा टीआरपी हाच. कुणी नक्कल केली नाही तर त्यांना डिझाइन फसल्याची शंका येते.

मी कायद्याचं पुस्तक घेऊन बसले. चित्र काढलं की त्यावर कॉपीराइट आपोआप येतो, नोंदणी लागत नाही. म्हणजे ग्राफवरचा वेल पप्पांचा. पुढं कलम १५ निघालं. ज्या नक्षीची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, ती मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं यंत्रावर वस्तूवर उतरवली आणि अशा पन्नासहून जास्त प्रती निघाल्या, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नास! कवीचा कॉपीराइट त्याच्या मरणानंतर साठ वर्षं टिकतो, आणि चादरीचा एकावन्नाव्या चादरीला संपतो. डिझाइनची नोंदणी केली तर दहा वर्षं मिळतात, वर पाच वाढवून घेता येतात. पण ती माल बाजारात जायच्या आधी करायला हवी, कारण नोंदणीला नावीन्य लागतं. महिन्याला आठ-दहा डिझाइनं काढायची, त्यातलं कुठलं चालणार हे आधी कुणालाच माहीत नाही, आणि फी मात्र प्रत्येकाची भरायची. मी हे सगळं पप्पांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘पन्नास म्हणजे कमीत कमी सुरुवात तरी आपली हाय म्हणायची.’

कायदेवाल्यांचं म्हणणं मला कळतं. यंत्रावर हजारांनी निघणाऱ्या मालाला कवितेइतकं लांब संरक्षण दिलं तर बाजार गोठेल. आणि पप्पांनी तरी वेल कुठून आणला? कमळ कॅलेंडरवरचं, बुट्टा एका जुन्या साडीवरचा, हत्ती बहुतेक सिद्धेश्वरच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, पाहिलेल्या खेळण्यांतला. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. कमळ सगळ्यांचं, त्याच्या पाकळ्या कुठल्या चौकोनात बसवायच्या तेवढंच पप्पांचं.

गंमत म्हणजे सोलापूरचं नाव मात्र कायद्यानं जपलंय. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते दर दहा वर्षांनी वाढवत कितीही काळ चालवता येतं. बाहेरगावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकणं गुन्हा ठरतो. तरी पानिपतचा माल त्या नावानं विकला जातो ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे, आणि रास्त आहे. पण तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांना स्वतःच्या चादरीवरचा वेल कुणी काढला हे सांगता येईल? गावाचं नाव राहतं, कारखान्याचा शिक्का राहतो. माणसाचं तेवढं गळतं.

असं नाव गळणं एकदा दिसायला लागलं की ते सगळीकडं दिसतं. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. १९४२ मध्ये चीनमध्ये वारलेल्या या सोलापूरच्या डॉक्टरवर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. तो कुणाचा? आपल्या कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला त्यात जागा नाही. शांताराम दोन्ही होते म्हणून प्रश्न आला नाही. चित्रपटाला प्रदर्शनापासून साठ वर्षं, या हिशोबानं त्याची मुदत केव्हाच टळली. पण त्याची कथा लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास वारले १९८७ मध्ये, संगीत देणारे वसंत देसाई १९७५ मध्ये, आणि त्या दोघांच्या कामाची साठ वर्षं त्यांच्या मृत्यूपासून मोजायची. एका पडद्यावर तीन-चार वेगवेगळी घड्याळं चालू असतात. शिवाय आपल्याकडं गीतकार-संगीतकार हक्क एकरकमी विकून मोकळे व्हायचे. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही असं केलं, तोवर बऱ्याच जणांचं आयुष्य सरलेलं होतं.

आणि उलटा प्रकार तर रोजचा. कुणीतरी बरं वाक्य लिहितं, दुसरा त्याचं नाव कापतो, तिसरा खाली ‘पु. ल.’ किंवा ‘वपु’ लिहितो आणि चौथा ते सुप्रभात म्हणून पाठवतो. पु. लं.नी हयातीत लिहिलं नसेल एवढं ते गेल्या काही वर्षांत लिहिताहेत. लिहिणाऱ्याचं नाव जातं आणि पु. लं.च्या माथी भलतंच गुळगुळीत काहीतरी येतं, दोघांचंही नुकसान. कलम ५७ म्हणतं की हक्क विकल्यावरसुद्धा ‘हे माझं आहे’ असं म्हणण्याचा आणि कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडंच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं कांस्यशिल्प सरकारनं काढून गोदामात टाकलं. त्यांनी याच कलमावर दावा जिंकला, २००५ मध्ये पाच लाखांची भरपाई मिळाली आणि शिल्पही परत मिळालं. कॉपीराइट कायद्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं कलम हेच. बाकीची कलमं मालकाची बाजू पाहतात. हे एकच करणाऱ्या माणसासाठी लिहिल्यासारखं आहे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी प्रबंध लिहायला बसले आणि पहिल्याच प्रकरणात अडकले. संशोधनाचा नियम असा की माहिती देणाऱ्यांची नावं द्यायची नाहीत. ‘उत्तरदाती क्र. ४, वय ५२, विडी कामगार’ असं लिहायचं. नियमामागं कारण आहे. बाई कारखान्याविरुद्ध काही बोलली आणि तिचं नाव छापून आलं, तर उद्या तिच्या विड्यांत जास्त खराब निघायला लागतील. पण हार हरवलेल्या सुनेवरचं ते वाक्य ज्यांनी म्हटलं, त्यांचं नाव कापायचं आणि खाली माझं नाव छापायचं? व्हॉट्सअ‍ॅपवाला दुसरा माणूस याहून वेगळं काय करतो?

म्हणून मी पुन्हा कुंभारीला गेले आणि सगळ्यांना एकेक करून विचारलं. बहुतेक जणी म्हणाल्या, नको बाई, कशाला. एकीनं विचारलं, नाव आलं तर पैसे मिळतात का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग तुझंच राहू दे. दोघींनी मात्र ठामपणे सांगितलं, नाव टाक, आडनावासकट टाक, कारखान्याचं टाकू नको. हारवाल्या मावशी त्या दोघींपैकी एक. प्रबंधात पप्पांचीही मुलाखत आहे, त्यांना विचारलं तर त्यांनी आधी कारखान्यांच्या मालकांना फोन केला, मग मला म्हणाले, ‘माझं चालंल. पण डिझाइनर लिहू नको, आर्टिस्ट लिही.’

प्रबंध तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून एकदा गेलाय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमानं दहा टक्क्यांपर्यंतची जुळणी चालते, माझी त्याच्या आत आली. जुळलेला मजकूर बहुतेक सगळा स्माइद आणि हॉल यांच्यावरचा. कुंभारीच्या आणि पप्पांच्या मुलाखतींत एकही ओळ रंगली नाही. मॅडमना दोन नावांचं सांगितलंय. त्या म्हणाल्या, दोघींकडून लेखी संमती आण, एकीला सही येत नसेल तर अंगठा चालेल, पण समितीपुढं भांडायची तयारी ठेव. समिती सोमवारी आहे.